नऊ नंबरच्या खड्ड्यातली मेथी

माझ्या दिराची, आनंदाची, नखं मी नऊ वर्षं साफ केली. रोज सकाळी शाळेच्या आधी त्याला उंबऱ्यावर बसवायचं, कडुलिंबाची बारीक काडी घ्यायची आणि दहाही बोटं एकेक करून पाहायची. त्याच्या शाळेत एक मास्तर होते. आमच्या वस्तीतल्या पोरांची नखं ते मुद्दाम तपासायचे आणि काळं दिसलं की पट्टी उभी धरून मारायचे. तिसरीत असताना आनंदाला असा मार बसला. बोटं इतकी सुजली की त्या दिवशी मीच त्याला घास भरवला. त्यानंतर मॅट्रिक होईपर्यंत नखांवरून त्याला कुणी बोट लावलं नाही. मी हे मोठेपणा मिरवायला सांगत नाही. पुढं जे झालं ते कळायचं असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

मी वच्छला. माझा नवरा रुपराव कापडगिरणीत होता. छातीच्या दुखण्यानं तो गेला तेव्हा लग्नाला तीनच वर्षं झाली होती. पदरी मूल नव्हतं, सासू-सासरे आधीच गेलेले. घरात राहिलो मी आणि आठ वर्षांचा आनंदा. नातेवाईक म्हणाले, पोराला गावी चुलत्याकडे पाठव आणि तू माहेरी जा. मी दोन्ही केलं नाही. नागनदीच्या पलीकडे खत संघाचा डेपो होता, तिथं कामाला लागले.

त्या कामाबद्दल लोक नाक मुरडतात, म्हणून जरा सांगते. कॉटन मार्केटमधला सडका भाजीपाला, हंगामात संत्र्याची सालं आणि दबलेली फळं, गोठ्यांचं शेण, चुलीची राख, हे सगळं बैलगाड्यांनी डेपोवर यायचं. तीस खड्डे होते आणि आम्ही एकोणीस बाया. केराचा थर, वर शेणकाला, वर राखमाती, पुन्हा केर. पंधरा दिवसांनी सगळं खालवर करायचं. खड्ड्यात लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि काढून मुठीत धरायची. धरवली नाही तर आत अजून तापलेलं आहे. चौथ्या पालटीनंतर सळई गार लागली, खत हातात भुरभुरलं आणि सडका वास जाऊन मातीचा वास आला की खड्डा झाला. वाचून हे सोपं वाटेल. मला शिकायला चार वर्षं लागली.

आणि आमची एक रीत होती, मेथीची. मी येण्याच्या आधी कधीतरी काटोलकडच्या एका बागाईतदारानं आमचं कच्चं खत नेलं आणि त्याची संत्र्याची रोपं जळाली. त्यानं पोतं परत आणून डेपोच्या दारात उपडं केलं. ते बायजाबाईच्या मनाला लागलं. बायजाबाई आमच्यात सगळ्यात जुनी. तिनं ठरवलं, की इथून पुढं प्रत्येक पोत्यात तोंड शिवायच्या आधी एक मूठ मेथीदाणा टाकायचा. नेणाऱ्यानं त्यातलं ओंजळभर खत डब्यात घ्यायचं, पाणी शिंपडायचं आणि चार दिवस थांबायचं. मेथी हिरवी निघाली तर खत रोपांना घालावं. पिवळी पडली तर पोतं परत आणावं, आम्ही दुसरं देऊ. त्यानंतर एकही पोतं परत आलं नाही. मेथी नसलेलं पोतं आमच्याकडे खोटं समजत. आम्हीही प्रत्येक खड्ड्याची मेथी डब्यांत लावून बघायचो आणि मग तीच घरी न्यायचो. आनंदा लहानपणी ताटावर बसला की म्हणायचा, "वहिनी, आजबी मेथीच?"

त्या मेथीवर तो शिकला. कृषी कॉलेजात गेला. आमच्या वस्तीतला तिथं जाणारा पहिला. बी.एस्सी. होऊन आला त्या दिवशी मी पूर्ण वस्तीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, की आमचा आनंदा मातीतला डॉक्टर झाला.

सत्त्याहत्तर साली दिल्लीची योजना आली. शहरांच्या कचऱ्याचं खत करायचं, त्याला मदत सरकार देणार, आणि खतात काय किती असावं ते सगळ्या देशासाठी एकच ठरलेलं. आमच्या खत संघानं योजनेतून एक मोठं मशीन बसवलं. पट्ट्यावरून कचरा आत जायचा आणि दुसरीकडून भुगा बाहेर पडायचा. त्या मशीनवर खत इन्स्पेक्टर म्हणून आनंदा लागला. त्याला क्वार्टर मिळालं, त्याचं लग्न झालं, लोक त्याला आनंदराव म्हणू लागले. ज्या डेपोवर मी खड्डे पालटत होते त्याच डेपोवर माझा दीर साहेब झाला. मी त्याला चारचौघांत हाक मारायचं टाळू लागले. त्याला संकोच नको. तोही मला हाक मारत नव्हता. त्यालाही तेच वाटत असेल, असं मी समजले.

मशीनचं खत मात्र काही खरं नव्हतं. काच, चिंध्या, बांगड्यांचे तुकडे, सगळं एकत्र दळलं जायचं. ढिगाऱ्यातून वाफा निघायच्या. मनकर्णानं गंमत म्हणून त्यात मेथी लावून पाहिली. तिसऱ्या दिवशी पिवळी, पाचव्या दिवशी आडवी. आम्ही हसलो. ही मनकर्णा म्हणजे चार नंबरच्या खड्ड्यापाशी जिला कळा सुरू झाल्या होत्या आणि जी बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी कामावर आली होती, कारण रोजंदारीवर सुट्टी नसते. बायजाबाई सत्तरीची होऊन खड्ड्यात उतरत होती, कारण रोजंदारीवर म्हातारपणही नसतं. आम्हाला परमनंट करा, हा अर्ज आम्ही अकरा वर्षं देत होतो.

एक दिवस दुपारी आनंदा स्वतः खड्ड्यांकडे आला. बूट मळू नयेत म्हणून काठावरच उभा राहिला.

"वहिनी, एक काम होतं. आता दिल्लीचे नियम आले. खताचा नमुना लॅबोरेटरीत पाठवा लागते. खड्ड्याच्या खताचा नमुना पास झाला तं खड्डे योजनेत येतीन. खड्डे योजनेत आले का तुम्ही एकोनीसही जनी परमनंट."

"खरं सांगून राहिला का गा?"

"मी काय खोटं बोलीन तुह्याशी? सगळ्यात चांगलं काढून दे. दोन पोते."

सगळ्यात चांगला नऊ नंबर होता. संत्र्याच्या हंगामातला, सालींचा. मी आणि बायजाबाईनं तो उकरला, सावलीत वाळवला, तीन वेळा चाळला. माझ्या लग्नातल्या हळदीलाही इतकी बारीक चाळणी लागली नसेल. पोती भरताना आनंदा जवळच उभा होता. मी मेथीच्या डब्याकडे हात नेला तेव्हा तो म्हणाला, "मेथी नोको टाकू."

"काहून?"

"लॅबोरेटरीत बी चालत नाई. नमुना रद्द करते ते."

मी हात मागे घेतला. तो शिकलेला, त्याला कळतं.  पहिलं पोतं मी शिवलं. दुसरं शिवताना सुतळी संपली म्हणून मी उठले आणि परत येईपर्यंत बायजाबाईनं त्याचं तोंड धरून ठेवलं होतं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

महिन्याभरानं आनंदाचा निरोप आला, घरी ये. मी नवं लुगडं नेसून गेले. त्यानं मला खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि खाली पाहत म्हणाला, "वहिनी, थोडंसं कमी पडलं. नायट्रोजन."

"म्हंजे?"

"म्हंजे खड्ड्याचं नापास झालं. मशीनचं पास झालं."

मला काय वाटलं ते सांगते. मला त्याचा संशय आला नाही. मला माझी लाज वाटली. वीस वर्षं मी ज्याला खत म्हणत आले ते खत नव्हतंच, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी अठरा बायांसमोर उभं राहून मी सांगितलं, "माहं चुकलं. खड्डा निवडाले मी चुकली." कुणी मला शब्दानं दुखावलं नाही. मनकर्णा फक्त एवढंच म्हणाली, "जाऊ दे वं, बाई." ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

पुढच्या सोमवारी मशीनपाशी मोठा कार्यक्रम झाला. दिल्लीचे साहेब आले होते. मांडव, सनई, सगळं. जागा आम्हीच झाडून दिली. फळ्यावर सर्टिफिकेट लावलं होतं, 'यांत्रिक खत, नमुना उत्तीर्ण'. शेजारी दुसरा कागद होता. मी रात्रशाळेत वाचायला शिकलेली, बायांना तो मीच वाचून दाखवला. यांत्रिक खत सर्व कसोट्यांना उतरल्यामुळे खड्डे महिनाअखेर बुजवण्यात येतील आणि रोजंदारी मजुरांची गरज राहणार नाही. आमचं म्हणणं ऐकून घ्या, असा अर्ज आम्ही त्याच दिवशी साहेबांकडे दिला. साहेबांनी व्हरांड्यात मांडलेल्या सात कुंड्यांमध्ये टाळ्यांच्या गजरात झेंडूची रोपं लावली आणि झारीनं पाणी घातलं. कुंड्यांतलं मशीनचं खत काळंभोर आणि मऊ दिसत होतं. मी लांब होते. हे मशीनला कसं जमलं, असं मनात आलं, पण माझ्या नापास हातांना आता काय कळतं, म्हणून मी ते झटकून टाकलं.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, व्हरांडा झाडायची पाळी माझी होती. मुळं तुटून लावलेली झेंडूची रोपं माना टाकून बसली होती. त्यांच्या बुडाशी मात्र सातही कुंड्यांत मेथी उगवली होती. हिरवीगार, दोन-दोन पानांची.

मी झाडू भिंतीला लावला आणि एका कुंडीतलं खत चिमटीत घेऊन हुंगलं. वाळल्या संत्र्याच्या सालीचा वास आला. मी पायरीवर बसले. तेवढ्यात बायजाबाई आली, कुंड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्याच टाकली होती, दुसऱ्या पोत्यात. बिनमेथीचं पोतं माह्या हातून जात नाई."

म्हणजे माझं खत पास झालं होतं. मशीनच्या नावावर पास झालं होतं. आणि ज्यानं ते नाव बदललं त्यानं मला समोर बसवून, चहा पाजून, तू कमी पडलीस असं सांगितलं होतं.

एक कुंडी उचलून मी सरळ आनंदाच्या ऑफिसात गेले आणि त्याच्या टेबलावर ठेवली.

"मशीन मेथी टाकते का गा, आनंदा?"

त्यानं उठून दार लावलं. कुंडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मशीनचा नमुना दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा झाला असता तं दिल्लीची मदत बंद. माही नोकरीबी गेली असती."

"मंग मले सांगतलं असतं. नऊ नंबर काय, तिसई खड्डे दिले असते तुह्या नोकरीसाठी. पन माहं खत कमी पडलं म्हून काहून सांगतलं?"

तो चिडला.

"तुले काय वाटते, मी नोकरीसाठीच केलं? आपल्या लोकायनं मेलेली ढोरं ओढनं सोडलं, गाव सोडलं, दीक्षा घेतली. अन् तू वीस वर्षं झाली, कचऱ्यात हात घालून बसली. खड्डे बुजले तं तू तरी बाहेर निंगशीन. सासरच्यायले मले सांगता येत नाई, का माही वहिनी काय काम करते."

हे त्याच्या तोंडून ऐकलं आणि माझा आवाजच फाटला.

"दीक्षा मीबी घेतली. तुले बोटाले धरून त्या मैदानात सकाळपासून उभी होती मी. गुलामी सोडा म्हनलं होतं. काम सोडा कोनी नाई म्हनलं. ढोर ओढाले गावानं लावलं होतं, आनंदा. हे खत मी माह्या अकलेनं शिकली. तुले लाज वाटत होती तं लाजाचं होतं. माह्या खताची चोरी काहून केली?"

तो खाली बसला आणि रडायला लागला. तिसरीत बोटं सुजली होती तेव्हा रडला होता तसाच, आवाज न करता. म्हणाला, "उद्या दिल्लीचे साहेब तुमचं म्हननं ऐकाले येऊन राहिले. मी उभा राहून सगळं खरं सांगतो, वहिनी. नोकरी गेली तं गेली. कुंडी होती तिथंच ठेवजो, त्यायले दाखवा लागन."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कुंडी नेऊन होती तिथं ठेवली. संध्याकाळी बायजाबाई म्हणाली, "एखादी कुंडी घरी आनून ठेव." मी तिच्यावर खेकसले. वीस वर्षांत पहिल्यांदा. "माह्या आनंदाचा भरवसा नाई का तुले?" मी विचारलं. पुरावा सांभाळायचा असतो हे मला कळत नव्हतं असं नाही. आपल्या माणसाविरुद्ध तो सांभाळायचा असतो हे मला कळत नव्हतं.

शनिवारी सकाळी आम्ही एकोणीस जणी मशीनच्या ऑफिसात उभ्या राहिलो. दिल्लीचे साहेब खुर्चीवर, शेजारी संघाचे मॅनेजर, आणि त्यांच्या मागं आनंदा, हात पाठीशी बांधून. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मी मोडक्यातोडक्या हिंदीत नऊ नंबर सांगितला, दोन पोती सांगितली, मेथी सांगितली. मग साहेब म्हणाले, "चलिए, दिखाइए."

आम्ही व्हरांड्यात गेलो. सात कुंड्या रांगेनं होत्या. झेंडूची रोपं नवी होती, टवटवीत. खालची माती उकरून पुन्हा थोपटलेली होती. मेथीचं एक पान नव्हतं, एक मूळ नव्हतं.

साहेबांनी कुंड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आनंदाकडे पाहिलं. अजूनही वेळ गेलेली नाही, असं मला वाटत होतं. तो आता पुढं येईल आणि बोलेल. साहेबांनी त्यालाच विचारलं, "इन्स्पेक्टर साहब, आप इनको जानते हैं?"

"जी," आनंदा म्हणाला. "डेपो की मजदूर है."

मागं बायजाबाईनं माझा दंड धरला.  साहेबांनी आमची तक्रार निकाली काढल्याचा कागद पुढं केला आणि आनंदाला म्हणाले, "ठीक है, यहाँ साइन कर दीजिए." सही करायला त्यानं पाठीमागचे हात पुढं आणले.

वहिनीचं काम सासरच्यांना सांगायची त्याला लाज वाटत होती. बूट मळू नयेत म्हणून तो खड्ड्याच्या काठावरच थांबायचा. पण सात कुंड्यांतली मेथी दुसऱ्या कुणाच्या हातून उपटून घ्यायची सोय नव्हती. ती त्यानं आपल्याच हातांनी, मुळासकट, एकेक करून काढली होती. त्याच्या दहाही नखांत माझं खत होतं.

साहेबांनी मला विचारलं, "और कुछ कहना है?"

सांगायचं ठरवलं असतं तर सांगता आलं असतं. साहेब, यांची नखं बघा. एवढंच. कदाचित त्यांनी बघितलीही असती. पण शाळेतल्या त्या मास्तरांसारखं उभं राहून त्याला हात पुढं कर म्हणायचं, हे माझ्या जिभेवर आलं नाही. अठरा बायांचं मी त्या क्षणी नुकसान केलं, आणि ते मी अजून माझ्याच माथ्यावर धरते. त्याला माफ केलं म्हणून मी गप्प बसले असं कुणी समजू नये. माफ मी त्याला आजही केलेलं नाही.

मी नाही म्हणून मान हलवली. जाता जाता त्याच्यापाशी थांबले आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाले, "जेवाच्या आधी हात धुजो, आनंदा."

त्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं आणि दोन्ही हात खिशात घातले.